डेटाबेस इन्स्टॉल करताना नवशिका कुठे अडतो, आणि त्याची वाट आधीच कशी मोकळी करावी

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या मराठी वाचनालयाची पुस्तकसूची संगणकावर आणण्यासाठी आम्ही काही जण दर रविवारी सकाळी जमतो. वहीतली नोंद टेबलमध्ये कशी उतरवायची हे स्वयंसेवकांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि त्यामुळे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर डेटाबेस बसवून घेण्याचे कामही ओघाने माझ्याकडेच आले. पहिल्या रविवारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका शेवटच्या खिडकीतले ‘फिनिश’ बटण दाबून बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले होते. मी विचारले, “काका, झालं का?” ते म्हणाले, “झालं म्हणतंय, पण उघडत काहीच नाही. काढून परत टाकू का?”

त्यांच्या हातून काहीही चुकलेले नव्हते. सर्व्हर व्यवस्थित बसला होता आणि चालूही होता. डेटाबेस सर्व्हर हा खिडकी उघडून समोर येणारा प्रोग्रॅम नसतो, ही एक गोष्ट मी त्यांना आधी सांगायला हवी होती. नवशिक्यांची इन्स्टॉलेशनची वाट सोपी करायची असेल तर कामाची सुरुवात डाउनलोडच्या पानापासून करू नये; या एका गोष्टीपासून करावी. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः विंडोजवर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर बसवणाऱ्यांना मदत करणाऱ्यांसाठी आहे. आदेश आणि खिडक्यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. कळफलकावर आदेश अर्थातच रोमन अक्षरांत टंकायचे आहेत.

आधी पाच मिनिटे बोलून घ्यावे

आमच्या वाचनालयात सभासद कपाटांपर्यंत जात नाही. तो खिडकीपाशी येऊन पुस्तकाचे नाव सांगतो, आतली व्यक्ती ते शोधून आणते आणि खिडकीतून देते. सर्व्हर म्हणजे ती आतली व्यक्ती, आणि पीजीअ‍ॅडमिन किंवा पीएसक्यूएल यांसारखे प्रोग्रॅम म्हणजे ती खिडकी. संगणक सुरू होताच सर्व्हर मुकाट्याने आत येऊन कामाला बसतो आणि आपण खिडकीशी जाईपर्यंत तो आपल्याला दिसत नाही. बडोद्याच्या वाचकाला ही उपमा लगेच पटते, कारण ग्रंथसूचीचे महत्त्व या शहराने फार लवकर ओळखले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला संस्थानात बोलावून ग्रंथालयांची रीतसर व्यवस्था लावून घेतली, आणि मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय ही त्याच कामाची आजही उभी असलेली खूण आहे.

ही उपमा देऊन झाली की आणखी चार शब्द सांगावेत. सर्व्हर ज्या यंत्रावर चालतो त्याचे नाव म्हणजे होस्ट. आपल्याच यंत्रावर असेल तर ते ‘लोकलहोस्ट’. त्या यंत्रावरचा ज्या क्रमांकाचा दरवाजा तो उघडा ठेवतो तो पोर्ट. पोस्टग्रेसचा ठरलेला पोर्ट ५४३२. आत शिरताना सांगायचे नाव म्हणजे युजर आणि त्या नावाचा पासवर्ड. होस्ट, पोर्ट, युजर आणि पासवर्ड ही चारही उत्तरे ज्याच्याकडे लिहिलेली आहेत त्याला पुढे क्वचितच अडचण येते, आणि ज्याला यातले एकही ठाऊक नाही तो यशस्वी इन्स्टॉलेशनलाही अपयश समजतो.

सर्व्हर खरोखर हवा आहे का

हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. एकच माणूस, एकच लॅपटॉप आणि काही हजार नोंदी, एवढेच काम असेल तर एसक्यूलाइट पुरे आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेल्या या डेटाबेसला सर्व्हरच नाही. संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, पासवर्ड नाही, पोर्ट नाही, मागे चालणारी सेवा नाही. आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीपासून असतोच. ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा मोफत प्रोग्रॅम घेतला की टेबल, नोंद आणि क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) या तिन्ही गोष्टी पहिल्याच तासात हाताला लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे की एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, शिकण्याचा पहिला आठवडा यावरच काढावा आणि सर्व्हरची ओळख त्यानंतर करून द्यावी. आमच्याकडे मात्र दोन मेजांवरून दोन माणसे एकाच वेळी नोंदी करणार होती, म्हणून आम्हाला पोस्टग्रेस घ्यावे लागले.

इन्स्टॉलर उघडण्यापूर्वीची तयारी

सर्वांनी एकच आवृत्ती घ्यावी. पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती साधारणपणे दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीला ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे सर्वांत नव्या आवृत्तीचा हट्ट धरण्याचे कारण नाही; वर्गातल्या सर्वांच्या पडद्यावर एकसारखे चित्र दिसणे अधिक महत्त्वाचे आहे. अधिकृत संकेतस्थळावरून इन्स्टॉलर एकदाच उतरवून तो पेनड्राइव्हवर घ्यावा. फाइल ३०० ते ४०० एमबीची असते. पाच जणांनी एकाच वाय-फायवरून एकाच वेळी ती उतरवायला घेतली तर सकाळ तिथेच संपते. आवृत्ती ११ पासून विंडोजसाठीचा हा इन्स्टॉलर केवळ ६४ बिटसाठी मिळतो, तेव्हा जुने ३२ बिटचे लॅपटॉप आदल्या दिवशीच ओळखून बाजूला काढावेत.

दुसरी तयारी कळफलकाची. बडोद्यात एकाच लॅपटॉपवर इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन कळफलक असणे नवलाचे नाही. पासवर्डच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे कळफलक गुजरातीवर राहिला असेल तर ते डोळ्यांना कळत नाही. पासवर्ड कोणत्या लिपीत टंकला गेला हे दुसऱ्या दिवशी दार उघडेनासे झाल्यावर लक्षात येते. इन्स्टॉलर सुरू करण्यापूर्वी विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून कळफलक इंग्रजीवर आणावा, आणि ठरवलेला पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टंकून डोळ्यांनी पाहून घ्यावा.

खिडकीमागून खिडकी

इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो त्यांतल्या बहुतेकांना आधीच भरलेले उत्तर योग्य असते. तरीही नवशिका प्रत्येक खिडकीशी थबकतो, कारण कोणता प्रश्न महत्त्वाचा आणि कोणता नाही हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून प्रत्येक खिडकीसाठी एकच वाक्याचे उत्तर लिहून द्यावे.

प्रोग्रॅम कुठे ठेवायचा, हे विचारले की आहे तेच राहू द्यावे. घटकांच्या यादीत सर्व्हर, पीजीअ‍ॅडमिन आणि कमांड लाइन टूल्स या तिघांवर खूण ठेवावी आणि स्टॅक बिल्डरवरची काढावी. तो जास्तीच्या वस्तू उतरवण्यासाठी आहे आणि पहिल्या दिवशी त्याची काहीही गरज नाही. खूण तशीच राहिली तर शेवटी आणखी एक खिडकी उघडते, तिथे काय निवडावे हे कोणालाच ठाऊक नसते आणि आपले काही बिघडले असे वाटू लागते. ती खिडकी सरळ बंद केली तरी चालते.

त्यानंतर डेटा कुठे ठेवायचा हा प्रश्न येतो. इथेही भरलेले उत्तर तसेच ठेवावे. ‘माझे सगळे कागद वनड्राइव्हमध्ये असतात, हेही तिथेच ठेवू’ असे एका ताईंनी सुचवले होते आणि त्यामागचा त्यांचा हेतू चांगलाच होता; परंतु सर्व्हर आपल्या फाइली सतत उघड्या ठेवून त्यांत लिहीत असतो आणि त्याच फाइली दुसरा प्रोग्रॅम मधूनच उचलून ढगावर चढवू लागला तर डेटा बिघडण्याची शक्यता असते. डेटाची राखण बॅकअपने करायची असते.

आता पासवर्डची खिडकी. संपूर्ण इन्स्टॉलेशनमधील हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे आणि नेमका इथेच नवशिक्याला पुरेसे सांगितले जात नाही. इन्स्टॉलर पासवर्ड विचारतो, पण तो कोणाचा, हे त्या घाईत वाचलेच जात नाही. तो ‘पोस्टग्रेस’ नावाच्या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड आहे. विंडोजचा नाही, ईमेलचा नाही. हे नाव आले कुठून, असा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर देण्यासारखे आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पाचे नाव ‘पोस्टग्रेस’ होते. एसक्यूएल भाषा त्यात नंतर आली आणि १९९६ मध्ये प्रकल्पाचे नाव ‘पोस्टग्रेसक्यूएल’ झाले, पण मुख्य वापरकर्त्याचे नाव जुनेच राहिले. इतके सांगितले की ते नाव लक्षात राहते. याच क्षणी कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात: होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड. नंतर लिहू म्हटले की राहून जाते.

पुढची खिडकी पोर्टची. तिथे ५४३२ दिसले तर पुढे जावे. ५४३३ दिसले तर मात्र थांबावे, कारण ५४३२ आधीच कोणीतरी व्यापलेला आहे, म्हणून इन्स्टॉलरने पुढचा मोकळा क्रमांक सुचवला आहे. बहुधा या यंत्रावर पोस्टग्रेसची जुनी प्रत आधीपासून चालू असते. आमच्या एका स्वयंसेवकाच्या लॅपटॉपवर ती एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरबरोबर आली होती आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याने ५४३३ न वाचता पुढे दाबले, जोडणी करताना सवयीने ५४३२ लिहिले आणि तासभर ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ हेच उत्तर वाचत बसला. पासवर्ड अगदी बरोबर होता, पण तो भलत्याच दारावर सांगत होता. शेवटी मी त्याच्या कागदावरच्या चार ओळी वाचू लागले, तेव्हा पोर्टची ओळ रिकामी दिसली आणि सगळा उलगडा झाला.

शेवटचा प्रश्न लोकॅलचा, म्हणजे भाषा आणि प्रदेशाचा. इथे ‘डिफॉल्ट’ राहू द्यावे. मराठी मजकूर साठवण्याचा या प्रश्नाशी संबंध आहे असे वाटून लोक यादीत मराठी शोधू लागतात. परंतु अक्षरे नीट साठवली जाणे हे एन्कोडिंगवर, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीवर, ठरते आणि ते हा इन्स्टॉलर यूटीएफ-८ असेच ठेवतो. लोकॅलमुळे मुख्यतः वर्णक्रम ठरतो. केवळ युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकानुसार लावले तर ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘व’च्या आधी येते, आपल्या वर्णमालेत मात्र ते ‘ह’नंतर आहे, ग्रंथसूचीसाठी हा फरक खरोखर महत्त्वाचा आहे. त्यावरचा उपाय, म्हणजे मराठीची आयसीयू कोलेशन (वर्णक्रमाची नियमावली), क्वेरीला किंवा कॉलमला नंतरही लावता येतो. पहिल्या दिवशी त्यात शिरू नये.

बसले, याचा पुरावा

‘फिनिश’ दाबले की इन्स्टॉलेशन संपले असे मानू नये. नवशिक्याच्या डोळ्यांसमोर त्याने स्वतः टंकलेल्या शब्दाचे उत्तर आले, की मग संपले. पीजीअ‍ॅडमिन उघडावे, पहिल्यांदा त्याला वेळ लागतो हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर लोक चिन्हावर पाच वेळा क्लिक करतात. काही आवृत्त्यांमध्ये ते सुरुवातीला ‘मास्टर पासवर्ड’ मागते. हा पीजीअ‍ॅडमिनचा स्वतःचा पासवर्ड आहे आणि सर्व्हरच्या पासवर्डहून वेगळा आहे. कागदावर त्यासाठी पाचवी ओळ करावी. त्यानंतर डावीकडच्या झाडात सर्व्हर्स उघडून पासवर्ड द्यावा, ‘पोस्टग्रेस’ नावाचा डेटाबेस निवडावा आणि क्वेरी टूल उघडावे.

पहिली ओळ: ‘शो सर्व्हर अंडरस्कोअर एन्कोडिंग’, शेवटी अर्धविराम, आणि एफ-५. उत्तर यूटीएफ-८ आले पाहिजे. दुसरी परीक्षा मला फार आवडते, कारण तिच्यात आपल्या गावाचे नाव येते. सिलेक्ट लिहून पुढे दोन फंक्शन द्यावीत, ‘कॅर अंडरस्कोअर लेंग्थ’ आणि ‘ऑक्टेट अंडरस्कोअर लेंग्थ’, आणि दोन्हींच्या कंसात एकेरी अवतरणचिन्हांत देवनागरीत ‘वडोदरा’ लिहावे. पहिले उत्तर ६ येते: व, ड, ओकाराची मात्रा, द, र आणि काना. दुसरे १८ येते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. नंतर तेच नाव गुजराती लिपीत लिहून पाहावे. उत्तरे तीच येतात, कारण गुजराती चिन्हेही तितक्याच बाइटची आहेत. ६ आणि १८ हे दोन आकडे समोर आले की सर्व्हर चालू आहे, दार बरोबर आहे, पासवर्ड बरोबर आहे आणि आपली लिपी आत सुखरूप पोहोचते, या चारही गोष्टी एकदम सिद्ध होतात. काकांनी हे आकडे कागदाच्या तळाशी लिहून त्याखाली तारीख घातली, तेव्हापासून मी सर्वांनाच तसे करायला सांगते.

ही परीक्षा पहिल्यांदा काळ्या खिडकीत, म्हणजे पीएसक्यूएलमध्ये, घेऊ नये. विंडोजच्या त्या खिडकीचे कोड पेज, म्हणजे अक्षरे ओळखण्याचा तक्ता, जुने असेल तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू शकतात आणि दोष नसलेल्या डेटाबेसवर संशय येतो. पुढे त्या खिडकीकडे वळायचे झाले तर तीन गोष्टी सांगाव्यात: पासवर्ड टंकताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, तरी तो घेतला जातो, अर्धविराम दिल्याशिवाय आदेश पूर्ण होत नाही, आणि ओळीच्या सुरुवातीचे ‘बरोबर’चे (=) चिन्ह जाऊन तिथे आडवी रेघ आली असेल तर सर्व्हर अडकलेला नसतो, तो वाक्य पुरे होण्याची वाट पाहत असतो.

पासवर्ड विसरला तर

काढून परत टाकणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे आणि इथे तो बहुधा उपयोगी पडत नाही. अनइन्स्टॉल केल्यावर डेटाचे फोल्डर जागेवरच राहते, आणि ते योग्यच आहे, कारण त्यात लोकांच्या नोंदी असतात. पुन्हा इन्स्टॉल केल्यावर इन्स्टॉलर तेच फोल्डर वापरायला घेतो आणि जुना पासवर्ड जुनाच राहतो. वैतागून ते फोल्डर पुसले तर पासवर्डबरोबर नोंदीही गेल्या.

योग्य मार्ग असा. डेटाच्या फोल्डरमध्ये ‘पीजी एचबीए’ नावाची कॉन्फ फाइल असते. आधी तिची प्रत काढून ठेवावी. नोटपॅड ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडून त्या फाइलमध्ये आपल्याच यंत्रावरून होणाऱ्या जोडणीच्या ओळींपुढे जिथे ‘स्क्रॅम-शा-२५६’ लिहिले आहे तिथे ‘ट्रस्ट’ लिहावे. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन पोस्टग्रेसची सेवा रीस्टार्ट करावी. सेवेच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो, त्यामुळे दोन प्रती असल्या तरी गोंधळ होत नाही. आता पासवर्डशिवाय आत जाता येईल. ‘ऑल्टर युजर’ने नवा पासवर्ड द्यावा, फाइल पूर्ववत करावी आणि सेवा पुन्हा रीस्टार्ट करावी. फाइल पूर्ववत करण्याची पायरी राहून गेली तर त्या यंत्रावर बसणारा कोणीही पासवर्डशिवाय आत जाऊ शकतो, म्हणून ही पायरी मी सूचनापत्रात लाल शाईने लिहिते.

उबंटूवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे इन्स्टॉल करताना पासवर्ड विचारलाच जात नाही. लिनक्सवरच्या ‘पोस्टग्रेस’ या वापरकर्त्याच्या नावाने, म्हणजे ‘सुडो’ला ‘उणे यू पोस्टग्रेस’ जोडून, पीएसक्यूएल सुरू करायचे असते. हे ठाऊक नसलेला माणूस अस्तित्वातच नसलेला पासवर्ड शोधत बसतो. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस सर्व्हर वापरणाऱ्यांनी कागदावर पोर्ट ३३०६ आणि युजर ‘रूट’ असे लिहावे, आणि कॅरॅक्टर सेट ‘यूटीएफ-८-एमबी-४’ असल्याची खात्री करावी. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तोच आपोआप येतो.

सूचनापत्र कसे तयार करावे

आपण लिहिलेल्या सूचना आपल्यालाच नेहमी सोप्या वाटतात. त्या तपासण्याचा मला सापडलेला एकच खात्रीचा मार्ग आहे: ज्याने कधीही डेटाबेस पाहिलेला नाही अशा एका माणसाच्या हाती कागद द्यावा, शेजारी बसावे आणि माउसला हात लावू नये. तो जिथे थांबतो, जिथे मान वर करून आपल्याकडे पाहतो, जिथे “हे काय विचारतंय?” म्हणतो, त्या प्रत्येक जागी पेन्सिलीने खूण करावी. माझ्या पहिल्या कागदावर अशा अकरा खुणा झाल्या होत्या. त्यांतल्या चार पासवर्डच्या खिडकीपाशीच होत्या आणि तीन ‘फिनिश’नंतरच्या होत्या, म्हणजे जिथे माझ्या सूचना संपल्या होत्या तिथे.

त्यानंतर मी प्रत्येक पायरीखाली ‘आता पडद्यावर काय दिसेल’ अशी एक ओळ वाढवली. चुकांचे संदेश मी मराठीत भाषांतरित करत नाही. ते इंग्रजीत जसेच्या तसे देते आणि समोर मराठीत अर्थ लिहिते, कारण माणूस पडद्यावरचे शब्द कागदावरच्या शब्दांशी अक्षर न अक्षर जुळवून पाहतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या दारावर कोणीच नाही, तेव्हा सेवा चालू आहे का ते पाहावे. ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणजे दारावर कोणीतरी आहे, तेव्हा दार तेच आहे का हे पाहून मग पासवर्ड पाहावा. एवढ्या दोन ओळींनीच मला येणारे निम्मे फोन थांबले.

कागदाच्या डोक्यावर आवृत्तीचा क्रमांक आणि महिना लिहिलेला असावा, आणि आवृत्ती बदलली की कागद पुन्हा एका नव्या माणसाला देऊन तपासावा. मागच्या खेपेला मी तो माझ्या शेजारच्या अकरावीतल्या मुलीला दिला. ती फक्त दोन ठिकाणी थांबली, आणि ६ व १८ हे आकडे आल्यावर आपल्या नावाची लांबी मोजायला तिने स्वतःच सुरुवात केली.